मणक्यातली सुई आणि मामांची भाकरी

मी पहिल्यापासून भित्री. पण माझी भीती जरा उफराटी आहे. घरात साप निघाला, चूल भडकली, कुणाला फीट आली तर मी शहाण्यासारखी वागते. पुढच्या गुरुवारी अमुक होणार आहे असं कुणी सांगितलं, की मात्र माझ्या हातापायातलं बळ जातं. तसला सगळ्यात मोठा गुरुवार माझ्या वाट्याला आला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

लढाईचे दिवस होते आणि आमच्याकडं निजामाचं राज्य. मुरूमला सासऱ्यांचं धान्याचं दुकान होतं. आम्ही लिंगायत. घरात निम्मं बोलणं मराठीत, निम्मं कानडीत आणि रागावणं बहुतेक कानडीत. सासऱ्यांना मी मामा म्हणे, सासूबाईंना आत्या. मामा मुळात कमी बोलत आणि सुनेशी तर जवळजवळ नाहीच. पाणी हवं असलं तर दाराकडं बघून म्हणायचे, "कुणीतरी तांब्या आणावा." दाराआड कुणीतरी म्हणजे मीच असायची.

मुलगी झाली आणि चार महिन्यांत माझी पाठ धरली. आधी वाकताना दुखे, मग उठताना, मग नुसतं बसलं तरी. लेप झाले, शेक झाले, एका म्हातारीनं पाठ तुडवूनही झाली. शेवटी वैद्य म्हणाले, "हाडाला क्षय धरला असंल." आत्यांनी त्याच दुपारी पाळणा माझ्या खोलीतून उचलून आपल्या खोलीत नेला. अंगावरचं दूध तोडलं. मी लांबून मुलीला बघायचं, तिनं माझ्याकडं हात पसरायचे आणि आत्यांनी तिला आत न्यायचं, असं सुरू झालं. आत्यांचं चुकलं असं आता म्हणवत नाही. आमच्याच गल्लीतली एक बाई पाठीला कुबड येऊन गेली होती आणि मागोमाग तिचं लेकरूही. पण त्या दिवसांत मी आत्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या कानडीत होत्या, आणि मला येत होतं तेवढं सगळं कानडी त्यात संपलं.

मामांनी ठरवलं की सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचं. माझ्या यजमानांनी दुकान बघायचं, आत्यांनी मुलीला, आणि मला मामांनी न्यायचं. माझी आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळं सोबतीला बाईमाणूस कुणी नव्हतं. मुरूमहून नळदुर्गापर्यंत बैलगाडीत कडबा पसरून निजवून नेलं. तिथून पुढं मोटार. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली. चढ आला की उतारू उतरून ढकलायचे. मला तेवढी बसायची मुभा होती. सरहद्दीवरच्या नाक्यावर पुरुषांना खाली उतरवून झडत्या झाल्या. बायकांच्या बाकावर मी डोळे मिटून बसले होते. मामा परत चढले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला दिसला, पण त्यांना विचारायची पद्धत आमच्यात नव्हती.

दवाखान्यात पाठीचा फोटो काढायचं ठरलं. आत नर्सबाईंनी सांगितलं, अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही. मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली. मग त्यांनी गळ्यातल्या करडगीकडं बोट दाखवलं.

लिंगायताच्या गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत. त्या डबीला करडगी म्हणतात. ती अंगावरून उतरवायची नाही, आंघोळीला नाही आणि बाळंतपणातही नाही. माझ्या माहेरी एका म्हातारीचं लिंग विहिरीत पडलं, तर स्वामी येऊन नवं बांधीपर्यंत तिनं अन्न तोंडात घातलं नव्हतं. हे सगळं मला नर्सबाईंना सांगता आलं असतं. पण बाहेर रांग होती, नर्सबाई घाईत होत्या आणि मी कुणाला 'थांबा' म्हणणाऱ्यातली नव्हते. मी करडगी काढली, लुगड्याच्या घडीवर ठेवली आणि गार फळीवर जाऊन आडवी झाले.

दोन तासांनी डॉक्टरांनी मामांना बोलावलं. म्हातारे, सावकाश बोलणारे डॉक्टर होते. त्यांनी फोटो खिडकीकडं धरला. एक मणका चेपल्यासारखा होता आणि त्याच्या कडेला काळी पोकळी. क्षय असू शकतो, गाठ असू शकते किंवा तिसरंच काही. नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही. पाठीतून जाड सुई घालून हाडाचा बारीकसा तुकडा काढायचा आणि तो पुण्याला तपासायला पाठवायचा. ते काम करणारे डॉक्टर पुढच्या गुरुवारी येणार होते. तोवर बाईंनी फळीवर निजायचं, वाकायचं नाही, गाडीचे धक्के खायचे नाहीत. आणि निकाल लागेपर्यंत लेकरू जवळ घ्यायचं नाही.

सुई, हाड, तुकडा हे शब्द माझ्या कानात शिरले, पण डोक्यात वेगळंच चाललं होतं. मी लिंग उतरवलं आणि दोन तासांत मणक्याला भोक निघालं. मला दुसरं कुठलंही कारण नको होतं, इतकं ते मला पटलं.

दवाखान्यात खाट रिकामी नव्हती, आणि लढाईच्या गर्दीत सोलापुरात खोली मिळेना. मुरूमपर्यंत बैलगाडीचे धक्के नकोत. मामांचे नळदुर्गात एक तंबाखूचे व्यापारी स्नेही होते, मुसलमान. त्यांनी हमरस्त्यालगतच्या आपल्या दुकानामागची खोली दिली. मोटारीतून मला तिथं आणलं, दोन बाकं जोडून वर फळी टाकली आणि मामांपुढं एक प्रश्न उभा राहिला, की रांधायचं कुणी. स्नेह्यांच्या घरचं आम्हाला चालत नव्हतं. मला वाकायची बंदी. मामांनी आयुष्यात चुलीकडं तोंड केलं होतं ते फक्त विडी पेटवायला.

पहिल्या दिवशीच्या भाकरीला तीन कोपरे होते. पिठल्यात गुठळ्या होत्या आणि गुठळ्यांत कोरडं पीठ. मामांनी ताट माझ्या फळीशेजारी सरकवलं, दाराकडं बघत म्हणाले, "कुणीतरी खाऊन घ्यावं," आणि बाहेर जाऊन बसले. मी ती भाकरी उचलली आणि मागच्या दारात उभी राहून अंगणाच्या भिंतीवरून पलीकडं टाकली.

भाकरी वाईट होती म्हणून नव्हे. माझ्या हिशेबी मला अन्न चालत नव्हतं. नळदुर्गात स्वामी होते, पण त्यांना बोलवायचं म्हणजे मामांना सांगायला हवं, आणि मामांना सांगायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. दूध तेवढं घ्यायचं, गुरुवारपर्यंत असंच काढायचं, म्हणजे देवाचा राग थोडा तरी उतरेल, असं मी ठरवलं. उतरला तर हाड चांगलं निघेल आणि मुलगी मिळेल. माझ्या डोक्यात ही ओळ अगदी सरळ होती.

भिंतीपलीकडं स्नेह्यांचं घर. त्यांची बीबी गोषातली, त्यामुळं आम्हाला ती दिसत नसे, तिचा आवाज तेवढा येई. सकाळी ती भिंतीवर दुधाचा लोटा ठेवी आणि मामांना स्वयंपाक शिकवी. "भाईसाब, आटे में गरम पानी डालो." "तवा तपने देव, जल्दी नको करो." मुरूमच्या बाजारात ज्यांच्यापुढं हमाल मान वर करत नसत ते मामा खालमानेनं "जी, जी" म्हणत पीठ मळत. दुसऱ्या दिवशी भाकरी गोल झाली. तिसऱ्या दिवशी तिला पापुद्रा सुटला. मामा ताट ठेवून दाराशी जरा रेंगाळले, मी घास घेते का बघायला. मी पदर तोंडाशी धरला आणि "मळमळतंय" म्हणाले. ते निघून गेले. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आमटी केली. मग खिचडी. एकदा कुठून तरी शेंगा आणून चटणी कुटली. रोज ताट पुसल्यासारखं रिकामं आणि सून रोज वाळत चाललेली, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं.

कोडं बीबीनं सोडवलं. पाचव्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला, "भाईसाब, एक बात बोलूं? तुमारी रोटी रोज हमारी बकरी खा री. बीमार कौन है, बहू की बकरी?"

मामा आत आले आणि फळीपासून चार हातांवर भुईवर बसले. आज दाराकडं न बघता माझ्याकडं बघून बोलले.

"भाकर कच्ची ऱ्हाती का?"

"न्हाय, मामा."

"मीठ कमी पडतंय?"

"न्हाय."

"मग माझ्या हातचं ग्वाड लागत न्हाय म्हन. मी काय वाईट वाटून घेनार न्हाय."

हे ऐकून मला रडू फुटलं. पाच दिवस त्या माणसानं हात भाजून घेतले होते आणि शेवटी स्वतःलाच बोल लावून घेत होता. मी पदरात तोंड खुपसून सगळं सांगून टाकलं. फोटोच्या वेळी लिंग उतरवलं, मणक्याला भोक त्यानंच पडलं, आता मला अन्न चालत नाही.

रस्त्यावरून लष्कराच्या लॉऱ्या गेल्या, त्यांची धूळ दारातून आत आली, तरी मामा हलले नाहीत. मला वाटलं, आता उठतील आणि मला माहेरी धाडायची भाषा करतील.

"किती येळ उतरवलं व्हतंस?"

"पाव घंटा."

"कुठं ठिवलंस?"

"लुगड्याच्या घडीवर. भुईला न्हाय टेकवलं."

त्यांनी सदऱ्यातून आपली करडगी बाहेर काढली आणि मुठीत धरली. मग हळू आवाजात सांगितलं, की सोलापूरला जाताना नाक्यावर जवानानं ती बघितली. 'इसमें क्या है, दिखाव,' म्हणाला. मामांनी समजावून सांगितलं, हात जोडले. जवान नवा होता, त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं डबी उघडायला लावली, लिंग हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि परत दिलं.

"दहा मानसांत उभा व्हतो. लाज वाटली. सोलापुरात उतरून धुतलं, इभूती लावली, परत घातलं. आन त्या दिशी दोन भाकरी खाल्ल्या. तूच शिदोरी सोडून दिल्तीस, आठवतंय का?"

आठवत होतं. दोन नव्हे, अडीच खाल्ल्या होत्या.

"तुमच्यावर जबरदस्ती झाली, मामा," मी म्हणाले. "म्या सवताच्या हातानं काढलं."

"बरं व्हायाच काढलंस ना? नाचाया तर काढलं न्हाईस. आन सहा म्हैन्यांपासनं पाठ दुखती, ते भोक काय परवा पडलं? जरा इचार कर." ते उठले. चुलीपाशी झाकून ठेवलेलं ताट आणून त्यांनी माझ्या हाताशी ठेवलं आणि कानडीत म्हणाले, "ऊट माडव्वा." म्हणजे, जेव बाई. आमच्या घरात कानडी रागावण्यासाठीच आहे असं मी तोवर समजत होते.

मी दोन भाकरी खाल्ल्या. गार झाल्या होत्या, चिवट झाल्या होत्या. मामा या वेळी दारातून हलले नाहीत.

भीती गेली का? मुळीच नाही. पण पाप डोक्यावरून उतरलं तेव्हा नुसती भीती उरली, आणि नुसती भीती मला वागवता येत होती. भुकेल्या पोटी ती चौपट वाटत होती हेही कळलं.

राहिलेल्या दोन दिवसांत मामांनी एक युक्ती काढली. डॉक्टर म्हणाले होते, सुई आत असेल तोवर तसूभर हलायचं नाही. माझी सगळी काळजी आता तिथं येऊन बसली होती. मी हलले, सुई चुकली आणि पाय लुळे पडले तर? मामा म्हणाले, "पूजेला लिंग डाव्या तळव्यावर घेतो का न्हाय आपन? तसंच घे. पालथी नीज, हात पुढं कर, नजर लिंगावरनं काढू नगंस. हात हलला न्हाय तर अंग हलत न्हाय. पाठ डाक्टराची, हात तुझा."

मग आमची तालीम सुरू झाली. मी फळीवर पालथी, डावा हात पुढं, तळव्यावर लिंग. मामा भिंतीकडं तोंड करून बसत आणि 'नमः शिवाय'ची माळ मोठ्यानं ओढत. मध्येच मुद्दाम खाकरायचे, तांब्या आपटायचे, माझा हात हलतो का बघायला. बघायचे कसे कोण जाणे, तोंड तर भिंतीकडं. एकदा पलीकडून बीबीनंच पितळी घागर पाडली आणि आम्ही दोघंही दचकलो. लिंग मी बोटांत आवळलं म्हणून वाचलं. "मैं भी इम्तहान ले री," पलीकडून आवाज आला. सहा महिन्यांत मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले, आणि हसल्यावर पाठ दुखली तरी पुन्हा हसले.

गुरुवार आला. आत जायच्या आधी मामा डॉक्टरांसमोर उभे राहिले आणि टोपी हातात घेऊन म्हणाले, "सायब, आमचं लिंग अंगावेगळं करायचं नस्तं. पोरगी हातात धरंल. हलनार न्हाय, तिला सवय हाय." नव्या डॉक्टरांनी माझ्या गळ्यातल्या करडगीकडं बघितलं. मग म्हणाले, "पाठीवर काही नको. हातात काय धरायचं ते धरू द्या."

आधी बारीक टोचलं, मग पाठ बधिर झाली, मग कुणीतरी पाठीवर पायली ठेवल्यासारखं जड वाटलं. सुई हाडात फिरते तो आवाज कानांना येत नाही, दातांना येतो. कळ थेट पोटात उतरली. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं आणि मला ते पुसता येत नव्हतं. तळव्यावरचं काळं लिंग एकदा दोन दिसलं, एकदा तीन. मी त्यातलं मधलं धरून ठेवलं. एकदा ते बोटांच्या मुळाशी सरकलं तेव्हा वाटलं, आता गेलं, पण हात तसाच राहिला. मग कुणीतरी म्हणालं, "झालं बाई." मी तरी हात खाली घेतला नाही. नर्सबाईंनी माझी बोटं एकेक करून मिटवली, करडगी गळ्यात बांधली आणि कपाळावरचा घाम पुसला. या त्याच घाईच्या नर्सबाई होत्या.

बाहेर मामा मोठमोठ्यानं जप करत होते म्हणून शिपायानं त्यांना हाकललं होतं. ते अंगणातल्या लिंबाखाली उभे राहून जप करताना सापडले.

निकालाला दोन आठवडे लागले. तेही आम्ही नळदुर्गातच काढले. हे दिवस लांब होते, पण मी जेवत होते. शेवटी मामा एकटेच मोटारीनं गेले. दुपार कलताना परत आले. मी उठून बसले होते. मामांनी पायतान काढलं, पाय धुतले, माठातून तांब्याभर पाणी घेतलं आणि घोट घोट करत सगळं प्याले.

तांब्या खाली ठेवून म्हणाले, "क्षय न्हाय. गाठ बी न्हाय. हाड मऊ पडलंय. बाळंतपनात दूध, ऊन काय मिळालं न्हाय म्हनून. तीन म्हैने फळीवर निजायचं, रोज उन्हात बसायचं, दूध प्यायचं. वजन उचलायचं न्हाय. लेकरू जवळ घ्याया हरकत न्हाय."

मी म्हणाले, "मग पानी आधी कशाला प्यालात, मामा?"

"घसा धरला व्हता. बोलता आलं नस्तं." एवढं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं आणि मग मी जी रडले ती भोकाड पसरून.

"क्या हुआ, भाईसाब?" भिंतीपलीकडून घाबरा आवाज आला.

"कुछ नहीं," मामा म्हणाले. "अच्छा हुआ."

औषधांत एक तेलाची बाटलीही होती. ते कसलं तेल हे मामांनी डॉक्टरांना विचारलं नाही. पहिल्या चमच्याला मला वासावरून कळलं, मासळी बाजारावरून एकदाच गेले होते तरी. मामा खिडकीबाहेर बघत होते. आम्ही दोघांनी त्या तेलाचं नाव आयुष्यात कधी घेतलं नाही.

मुरूमला पोचलो तेव्हा आत्या दारात होत्या, कडेवर मुलगी. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. उचलायचं नाही म्हणून मी ओसरीवर पाय पसरून बसले आणि आत्यांनी मुलीला माझ्यापुढं सोडलं. तिनं मला नीट बघून घेतलं, वळली आणि आत्यांचं लुगडं धरलं. मी हाक मारली तर रडायला लागली. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. पण क्षयाची नसलेली, घरात परत आलेली, हक्काची आई होते मी. मला आता वेळ होता.

त्या दिवशी ती आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात वाकळेवर उन्हात बसले होते. ती आपल्या नादात पातेलं ढकलत आली, माझ्या पायाला अडखळून बसली, माझ्या हातातल्या बांगड्या ओढून बघितल्या. मग पातेलं तिथंच टाकून मांडीवर चढली आणि थोड्या वेळानं तिथंच झोपली. तिचं अंग उन्हानं तापलं होतं. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पाठीत कळ यायला लागली.

आत्या स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी वाकून दोन्ही हात पुढं केले. "पाठीला तान पडंल तुझ्या. आन हिकडं."

"न्हाय," मी म्हणाले.

सासूला 'न्हाय' म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. आत्या तशाच क्षणभर वाकलेल्या राहिल्या. मग आत गेल्या, उशी घेऊन आल्या आणि माझ्या पाठीशी नीट बसवून दिली.